दोनशेवरची काजळरेघ

पुना वायरमनच्या व्होल्टमीटरच्या काचेवर, बरोबर दोनशेच्या आकड्याशी, काजळाची एक बारीक रेघ होती. सत्तर सालानंतर शिंदखेड्याच्या आसपास ज्या ज्या घरात पुनाने फिटिंग केलं, त्या प्रत्येकाने ती पाहिली असणार. कुणाला वाटायचं, मीटरला दृष्ट लागू नये म्हणून लावली असेल. कुणी थेट विचारायचं. पुना मान खाली घालून स्क्रू पिळत राहायचा आणि म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या, कामनी शे." ती रेघ पुसट झाली, की हा चाळिशीला टेकलेला माणूस मीटर काखेत मारून गावच्या सुइणीकडे जायचा आणि लहान पोरासारखा समोर बसून नवी रेघ ओढून घ्यायचा.

माणूस तसा साधाच. बुराईच्या काठच्या चिंचखेड्याचा, शेतकऱ्याच्या घरातला, सातवी शिकलेला. अंगाने काटक, बोलायला कमी, आणि एका बाबतीत पार वेडा. नवा बल्ब लावला की लोक कळ दाबतात, उजेड बघतात, चहा पितात. पुना तसं करायचा नाही. तो लाकडी पेटीतून आपले दोन मीटर काढायचा, एक व्होल्टचा, एक अँपिअरचा. दोन्ही सुया बघायचा, भिंतीवर कोळशाने गुणाकार करायचा. दोनशे तीस व्होल्ट, पॉइंट त्रेचाळीस अँपिअर, गुणाकार अठ्ठ्याण्णव पॉइंट नऊ. मग बल्बच्या काचेवर छापलेला शंभरचा आकडा बघायचा आणि पुन्हा कोळशाच्या आकड्याकडे वळायचा. घरमालकीण कुरकुरायची, की चांगली पोतारलेली भिंत खराब केली. ह्याला त्याचं काही नसे. कारखान्यात कुणीतरी छापलेला आकडा आणि आपल्या कोळशाने निघालेला आकडा, हे दोघे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, तरी जुळतात कसे, हे कोडं त्याला शंभराव्या बल्बालाही पहिल्या बल्बाइतकंच नवं वाटायचं.

हे वेड त्याला धुळ्याला लागलं. एकसष्ट साली, नुकतं लग्न झालेला पुना धुळ्याला भुईमुगाची गाडी घेऊन गेला होता. जाता जाता बापाच्या टॉर्चसाठी सेल घ्यायला आग्रा रोडवरच्या सुगनचंद शेठच्या विजेच्या दुकानात शिरला. डोक्याला केशरी पगडी आणि खिशाला टेस्टर, असा हा मारवाडी. त्याच्या बापजाद्यांनी कापड विकलं होतं, ह्याने वायर विकायला काढली म्हणून अख्खं घर त्याच्यावर रुसलेलं. सुगनचंद त्या वेळी एका बल्बाशी काहीतरी करत बसला होता. पुना बघत उभा राहिला. गाडीवान बाहेर ओरडून ओरडून थकला.

"काय बघतो?" सुगनचंदने विचारलं.

"आतमा काय शे?" पुना म्हणाला.

सुगनचंदला गिऱ्हाइकं भावच विचारायची. आत काय आहे असं विचारणारा हा पहिलाच. तो खूश झाला. त्याने पुनाच्या हातात शंभरचा बल्ब दिला आणि म्हणाला, "ह्याच्यात तार आहे. ती वीज अडवते. किती अडवते ते सांग. काच फोडायची नाही."

पुनाला वाटलं, शेठ थट्टा करतोय. बंद काचेच्या आत तार, तिला हात लागत नाही, ती मोजायची कशी? सुगनचंदने तीन सेल एकापुढे एक जोडले, मध्ये मीटर लावले. साडेचार व्होल्ट. पॉइंट एक अँपिअर. "व्होल्टला अँपिअरने भाग." पुनाने भागलं. पंचेचाळीस. "पंचेचाळीस ओहम. हा तारेचा रेझिस्टन्स. झालं."

दोन सुया बघितल्या, एक भागाकार केला, आणि न फोडता काचेच्या पोटातली गोष्ट कळली. पुनाच्या अंगावर काटा आला. सुगनचंदची गंमत अजून संपली नव्हती. त्याने तोच बल्ब लाईनवर लावला. लख्ख उजेड पडला. दोनशे तीस व्होल्ट, पॉइंट त्रेचाळीस अँपिअर. "आता भाग."

पुनाने भागलं. पाचशे पस्तीस. त्याने पुसून पुन्हा भागलं. पुन्हा पाचशे पस्तीस. घाबरून म्हणाला, "शेठ, मन्हं चुकनं."

"नाही चुकलं. गार होती तेव्हा पंचेचाळीस होती, तापली तेव्हा पाचशे पस्तीस झाली. तापली की जास्त अडवते. पंचेचाळीसच राहिली असती तर पाच अँपिअर ओढले असते. दोनशे तीस गुणिले पाच, किती झाले? साडेअकराशे वॅट. बल्ब नाही, शेगडी झाली असती." सुगनचंदने बल्ब विझवला. "म्हणून आपण ठरवायचं नाही, की तार अशीच वागेल. दर वेळी दोन्ही सुया बघायच्या. भागाकार केला की तार काय करते ते कळतं, गुणाकार केला की उष्णता किती ते कळतं. सुई बघितल्याशिवाय बोलायचं नाही."

सेल घ्यायला गेलेला पुना तीन वर्षं त्या दुकानात राहिला. बायको प्रमिला गावात, हा धुळ्याला. वायरमनची परीक्षा दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास. निघताना सुगनचंदने जुने दोन मीटर लाकडी पेटीत घालून त्याच्या हातात ठेवले.

आता जी गोष्ट सांगायची ती सांगायला मला आवडत नाही, पण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पुना धुळ्याला असतानाच, चौसष्टच्या थंडीत, प्रमिलाबाई सातव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगा झाला, तळहाताएवढा. तेव्हा गावात वीज नव्हती, खांबसुद्धा नव्हते. सुईण होती धुरपदाबाई, अख्ख्या गावाची धुरपदाअक्का. तिने खोलीत कोळशाची शेगडी ठेवली, खिडकी लावून घेतली, दर घडीला पोराच्या तळपायाला हात लावून ऊब कमीजास्त केली. निरोप मिळून पुना पोचला तो तिसऱ्या दिवशी. खोली धुराने भरलेली, आणि पोर गेलेलं.

थंडीने गेलं, धुराने गेलं की त्याचं आयुष्यच तेवढं होतं, कुणालाही सांगता आलं नसतं. पण पुनाला कुणावर तरी राग काढायचा होता. वेळेवर पोचलो नाही म्हणून स्वतःवर काढायचा, तो त्याने धुरपदाबाईच्या हातावर काढला. "हातना अंदाज," एवढंच तो म्हणाला आणि तिच्याशी बोलणं टाकलं. समोरून आली तर रस्ता बदलायचा. सहा वर्षं. मला विचाराल तर हा अन्याय होता. पण त्या वेळी त्याच्या तोंडावर तसं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

सहासष्ट साली गावात खांब आले. एकच ट्रान्सफॉर्मर, त्यावर घरांचे दिवे आणि विहिरींवरच्या मोटारी. सत्तर उजाडेपर्यंत मोटारी चौदा झाल्या होत्या. आणि सत्तरच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, गव्हाच्या ओंब्यांवर सकाळी दव गोठावं अशी थंडी पडलेली असताना, अभिमन आबांची सून सुनंदा सातव्या महिन्यात बाळंत झाली.

अभिमन आबा गावचे पाटकरी. बुराईच्या बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडावर, म्हणजे पाटाखालच्या सामाईक शेतांवर यायचं, ते कुणाला कधी द्यायचं ही बारी आबा ठरवायचे. बारी मोडायची कुणाची हिंमत नव्हती, सख्ख्या भावाचीसुद्धा. असा करडा माणूस त्या दिवशी ओट्यावर डोकं धरून बसला होता. नात झाली होती, साडेतीन पौंडांची. शिंदखेड्याचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "धुळ्याला न्यायला हरकत नव्हती, पण या वाऱ्यात वाटेतच गारठेल. इथेच ऊब द्या. पेटी करा, आत बल्ब लावा. नव्वद फॅरनहाइटच्या खाली जाऊ द्यायचं नाही, पंचाण्णवच्या वर जाऊ द्यायचं नाही. महिनाभर तरी." एक थर्मामीटर ठेवून ते गेले.

बल्ब म्हटल्यावर पुनाला बोलावणं आलं. तो आला, आणि दारातच थबकला. आत सुनंदाच्या उशाशी, तान्हीला लुगड्याच्या पदरात छातीशी धरून धुरपदाबाई बसली होती. पुना परत फिरला असता. पण पदरातून एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लाचा यावा तेवढा. तो आवाज सहा वर्षांपूर्वी त्याला ऐकायला मिळाला नव्हता. पुना आत आला.

वाण्याकडून चहाची रिकामी पेटी आणली. प्लायवूडची, आतून चकचकीत चांदीसारखा कागद लावलेली. ऊब परतवायला ह्यापेक्षा चांगलं काय मिळणार? तळाशी चाळीस-चाळीसचे दोन बल्ब, त्यावर जाळी, जाळीवर पिंजलेला कापूस आणि मऊ धडपं. कोपऱ्यात पाण्याची वाटी. हवेला भोकं. वर झाकण, झाकणाला थर्मामीटर, बाहेरून गोधड्या. पेटीच्या बाहेर पुनाने आपले दोन्ही मीटर कायमचे जोडून ठेवले. संध्याकाळी मोटारी बंद होत्या. दोनशे तीस व्होल्ट, पॉइंट पस्तीस अँपिअर. ऐंशी वॅट. थर्मामीटर ब्याण्णववर जाऊन थांबला. तान्हीचे ओठ गुलाबी झाले. आबांनी पेटीला नमस्कार केला. पुनाला वाटलं, आता काळजी नाही.

सकाळी सहाला गावाने गव्हाला पाणी सोडलं. चौदा मोटारी सुरू झाल्या आणि व्होल्टची सुई घसरत घसरत एकशे साठवर आली. बल्ब पिवळे पडले. थर्मामीटर चौऱ्याऐंशी. तान्हीच्या नखांना निळी झाक आली होती. पुनाने अँपिअरची सुई बघितली. पॉइंट अठ्ठावीस. एकशे साठ गुणिले पॉइंट अठ्ठावीस. पंचेचाळीस वॅट. ऐंशीचे पंचेचाळीस! व्होल्ट तिसऱ्या हिश्शाने कमी झाले आणि ऊब जवळजवळ निम्मी गेली. पुनाने आणखी दोन बल्ब लावले. पॉइंट सत्तावन्न अँपिअर, एक्क्याण्णव वॅट. हळूहळू थर्मामीटर त्र्याण्णववर आला. नखं पुन्हा उजळली. घरातली माणसं त्याच्या भिंतीवरच्या कोळशाकडे देवाच्या फोटोकडे बघावं तशी बघू लागली.

"का बरं कमी व्हयनी व्हती?" आबांनी विचारलं.

"चौदा मोटारी शेतस, आबा. त्या बठ्ठी वीज ओढतस. घरले उरस ते इतलुसं."

आबांनी ते मनात ठेवलं. आणि पुनाने मागे वळून बघितलं, तर धुरपदाबाईने झाकण उघडून तान्हीच्या तळपायाला हात लावला होता. दर घडीला ती असंच करत होती. झाकण उघडलं की ऊब निघून जाते, हे खरं. पुनाने ते नीट सांगायला हवं होतं. पण त्याच्या तोंडून सहा वर्षांचं साचलेलं बाहेर पडलं.

"तुन्हा हातना अंदाज आम्ही एकदाव देखी लिधा शे, अक्का. दूध पाजानं तव्हयच झाकण उघाड. एरवी हात लावू नको."

धुरपदाबाईने झाकण लावलं, हात पदरात घेतले आणि पेटीपासून हातभर मागे सरकून बसली.

पुना सायकल काढून शिंदखेड्याला निघाला. जास्तीचे बल्ब हवे होते, एखादा पंचवीसचाही हवा होता. जाताना त्याला आपलंच बोलणं टोचत होतं, पण आकडे बरोबर होते, आणि माणूस असा असतो की आकडे बरोबर असले म्हणजे बाकीचंही बरोबर असेल असं समजतो.

परतताना दुपार चढली होती. गावापासून कोसभर अलीकडे रस्त्याकाठी एक मोटार होती, तिच्या पाइपाचं पाणी प्यायची त्याची सवय. सायकल टेकवून त्याने ओंजळ पुढे केली. पाइप कोरडा. मोटारीचा आवाज नाही. पुनाने कान दिले. पुढच्या विहिरीचीही नाही. तिच्या पुढचीही नाही. भर दुपारी, गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत, सगळं शिवार गप्प.

बांधावर चार-पाच शेतकरी उन्हाला बसले होते. त्याला बघून ते हात हलवत उठले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर कौतुक.

"पुनाभाऊ! आबा विहीरविहीर फिरनात. चौदाच्या चौदा मोटारी बंद करी टाक्यात! गहू सुकस तं सुकू द्या, पोरले बठ्ठी वीज भेटू द्या!"

फडाच्या बारीसाठी एकमेकांची डोकी फोडायला निघणारी ही माणसं. त्यांनी एका साडेतीन पौंडांच्या पोरीसाठी आपण होऊन पाणी तोडलं होतं. दुसरा कुणी असता तर त्याला रडू आलं असतं. पुनाने फक्त वेळ विचारली.

"कव्हय बंद कयात?"

"व्हयना अर्धा तास."

पेटीत चार बल्ब जळत होते. एकशे साठच्या हिशेबाने लावलेले. आता सुई कुठे असेल? मोटारी नाहीत, भर दुपारी घरांचे दिवेही नाहीत, म्हणजे दोनशे चाळीस. पुना सायकलवर टांग टाकून सुटला आणि पायडलाबरोबर त्याच्या डोक्यात गुणाकार फिरू लागला. चार बल्ब, दोनशे चाळीसला पॉइंट एकाहत्तर अँपिअर. दोनशे चाळीस गुणिले पॉइंट एकाहत्तर. एकशे सत्तर. एकशे सत्तर वॅट! जिथे एक्क्याण्णव पुरत होते तिथे एकशे सत्तर, झाकण बंद, गोधड्या घट्ट. आणि झाकण उघडायचं नाही अशी ताकीद कुणी दिली? ह्याच पुनाने.

कोसभर अंतरावरून, भिंतीआड, गोधड्यांखाली, बंद पेटीत काय चाललंय ते त्याला आपल्या तळहातावर असावं तसं दिसत होतं. बंद काचेतली तार कळली तेव्हा जो काटा अंगावर आला होता, तोच आज आला, पण आज तो भीतीचा होता. ह्या विद्येला दया नाही, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. ती चांगल्या मनाने मोटार बंद केली म्हणून गुणाकार कमी करत नाही. वाटेत चेन पडली. बसवायला तो थांबला नाही, सायकल तशीच टाकून पळाला.

ओट्यावर आबा हसऱ्या चेहऱ्याने उठले. त्यांना बाजूला सारून पुना आत शिरला. व्होल्टची सुई दोनशे चाळीसवर. अँपिअर पॉइंट एकाहत्तर. सायकलवर काढलेला आकडा जसाच्या तसा समोर होता. त्याने झाकण ओढलं. तोंडावर झळ आली. थर्मामीटर एकशे दहा.

पेटी रिकामी होती.

पुनाने आतलं धडपं उचलून बघितलं. तेव्हा त्याला कोपऱ्यातून तो मांजराच्या पिल्लाचा आवाज ऐकू आला. धुरपदाबाई भिंतीला टेकून बसली होती, पदर गच्च लपेटलेला, आणि पदराच्या आत तिच्या उघड्या छातीशी तान्ही. तिच्या डोळ्यांत भीती होती, पुनाच्या बोलण्याची.

"माले तुन्हा आकडा समजत नही, पुना," ती म्हणाली. "पेटीले बाहेरथून हात लावा, हातले चटका लागना. तू बोली गयथा उघाडू नको. मी दोनदाव हात मांगे लिधा. मंग म्हनं, बोलस तं बोलू दे. पोर काढी लिधी."

पुनाकडे दोन मीटर होते, सुगनचंदची तीन वर्षांची शिकवण होती, आणि एकशे सत्तरचा आकडा घेऊन तो छाती फुटेतो पळत आला होता. तोच आकडा ह्या बाईच्या तळहाताने अर्धा तास आधी वाचला होता. त्याने पुढे होऊन धुरपदाबाईच्या पायावर डोकं ठेवलं. असं करताना गावाने त्याला देवळातसुद्धा कधी बघितलं नव्हतं. "मन्हं चुकनं, अक्का," तो म्हणाला. हेच शब्द त्याने एकदा सुगनचंदला म्हटले होते. त्या वेळी ते खरे नव्हते.

मग त्याने आबांना बसवून समजावलं. वीज कमी पडली तर पोर गारठते, जास्त झाली तर भाजते. सगळ्या मोटारी बंद करू नका, सगळ्या चालूही करू नका. "पाणीले बारी लावतस ना, आबा? तशी वीजले बारी लावा. सात मोटारी सकाय, सात मोटारी दुपार. संध्याकायले पहिल्या सात परत, रातले दुसऱ्या. सातथून कमी नही, सातथून जास्त नही."

हे मात्र आबांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांचं सगळं आयुष्य त्यातच गेलं होतं. त्याच संध्याकाळपासून चिंचखेड्यात विजेची बारी सुरू झाली. सात मोटारी चालल्या की सुई दोनशेवर उभी राहायची, जणू खिळा मारला आहे. दोन चाळीसचे बल्ब आणि एक पंचवीसचा. पॉइंट बेचाळीस अँपिअर. दोनशे गुणिले पॉइंट बेचाळीस, चौऱ्याऐंशी वॅट. थर्मामीटर त्र्याण्णव.

"मंग माले बी शिकाड," धुरपदाबाई म्हणाली. "सुई कोठे ऱ्हायनी म्हंजे चांगलं?"

पुनाने बोटाने दाखवलं. आकडे तिला येत नव्हते. तिने तान्हीला लावायच्या काजळाच्या डबीत करंगळीचं टोक बुडवलं आणि काचेवर त्या जागी रेघ ओढली. सुई रेघेच्या अलीकडे आली की एक बल्ब जास्त, पलीकडे गेली की एक कमी. आणि तिने पुनाला शिकवलं, पेटीच्या कुशीला तळहात कसा ठेवायचा, किती वेळ ठेवायचा, आपल्या कानाच्या पाळीच्या उबेशी ती ऊब कशी ताडून बघायची. वायरमन हात ठेवायचा, डोळे मिटून म्हणायचा, "ब्याण्णव." मग थर्मामीटर बघायचा. आठवड्याभरात त्याची चूक एका डिग्रीच्या आत आली, तेव्हा धुरपदाबाई त्याला म्हणाली, की तुला आता सुईण व्हायला हरकत नाही.

अडतीस दिवस असे गेले. कापसाच्या वातीने दूध पिणारी पोर छातीला ओढायला लागली. चहाच्या पेटीत राहून तिच्या अंगालाच चहाचा वास यायला लागला होता, म्हणून अख्खं गाव तिला चहाबाई म्हणायला लागलं. एवढ्या दिवसांत गव्हाचं पाणी उशिरा झालं, ओंब्या थोड्या बारीक राहिल्या, पण एकाही शेतकऱ्याने बारी मोडली नाही.

अडतिसाव्या दिवशी डॉक्टर आले. ताजव्यात पाच पौंड भरले. म्हणाले, "आता पेटीची गरज नाही." सुनंदाने पोरीला उचललं आणि अंगणात उन्हात नेलं. सगळं घर तिच्यामागे धावलं. आबा तसेच बांधाकडे गेले आणि त्यांनी बारी उठली म्हणून हाक दिली.

आत पेटीजवळ पुना आणि धुरपदाबाई दोघंच राहिले. रिकाम्या पेटीत तीन बल्ब अजून जळत होते. एक मोटार सुरू झाली. मग दुसरी, मग शिवारभर सगळ्याच. काजळरेघेवर अडतीस दिवस उभी असलेली सुई हलली आणि खाली निघाली. एकशे नव्वद, एकशे ऐंशी, एकशे साठ. बल्ब पिवळे, मग तांबूस झाले. पुनाचा हात सवयीने चौथ्या बल्बाकडे गेला, आणि थांबला. पडणाऱ्या सुईकडे बघताना त्याला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

मग बरंच धाडस करून तो बोलला.

"अक्का, एक ईचारू? मन्हा पोऱ्याले काय व्हयनं व्हतं?"

पेटीतलं धडपं काढून धुरपदाबाईने त्याची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली.

"माले नही माहीत, भाऊ. थंडी लागनी, का धूर लागना, का त्याना दिनच तेवढा व्हतात. सहा वरीस व्हयनात. रोज हात धवस तव्हय मी बी हातले हाईच ईचारस."

पुनाने तिच्या हातांकडे बघितलं. त्या थंडीत, त्या खोलीत, ना सुई होती ना बल्ब. भागायला काही नव्हतं, गुणायला काही नव्हतं. हे दोन हात होते, आणि ते तीन दिवस एकदाही पोरावरून उठले नव्हते. हे त्याला प्रमिलाने तेव्हाच सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं नव्हतं.

त्याने कळ बंद केली, मीटर सोडवून लाकडी पेटीत ठेवले. काचेवरची रेघ पुसली जाऊ नये म्हणून वर कापूस ठेवला.

"चाल अक्का," तो म्हणाला, "घर चाल. प्रमिला चहा ठेवी."

सहा वर्षांनी धुरपदाबाईने त्या घराचा उंबरा ओलांडला. प्रमिलाबाईने तिला बघितलं, पुनाला बघितलं, आणि चुलीजवळचा पाट पुढे सरकवला.